पोराच्या हेडफोनमधला भैरव
संपादक साहेब, दहावीतला मुलगा रात्री काय ऐकत बसतो म्हणून हेडफोन कानाला लावला तर नुसतं इलेक्ट्रॉनिक टुंगटुंग, पण आत चक्क भैरव राग चालू! तो म्हणाला आई हे चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे आपल्या मुंबईचे वादक, त्यांनी १९८२ मध्येच रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचे सूर काढणारं) अन् टीआर-८०८ (ताल वाजवणारं) या इलेक्ट्रॉनिक मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले, शिकागोत ॲसिड हाउस नावाचं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत सुरू व्हायच्या काही वर्षं आधी. तेव्हा रेकॉर्ड चाललीच नाही, २०१० ला परत निघाली तेव्हा परदेशात गाजली, २०१५ ला ते गेले. आपल्याकडे किती जणांना माहिती आहे हो हे? तुमच्या रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर पानभर लेख द्याच, आम्ही दोघं मिळून वाचू.
– एक आई, डोंबिवली