मेयोडनहून आई-बाबांना

मेयोडन, नॉर्थ कॅरोलायना
१६ जानेवारी २०२२

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीला फोनवर जे बोलायचे ठरवले होते ते माझ्याने बोलवले नाही, म्हणून लिहिते आहे. आज इथे सकाळपासून बर्फ पडतो आहे आणि मला कुठे जायचे नाही. आईने चष्मा लावून पत्र स्वतः वाचावे. बाबांनी मधल्या ओळी गाळून वाचून दाखवू नये.

गेले वर्षभर मी तुम्हाला 'मशीनच्या कंपनीत आहे' एवढेच सांगत आले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. मी ज्या कारखान्यात मोजमापाचे आणि तपासणीचे काम करते, तिथे बंदुका तयार होतात. आणि या वर्षी कायमची पुण्याला परत येण्याचा जो शब्द मी दिला होता, तो मला पाळता येणार नाही. आणखी तीन वर्षे इथे राहायचे मी कबूल केले आहे. सही डिसेंबरातच झाली. विचारले असते तर तुम्ही नाही म्हटले नसते, हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच विचारण्याचे धाडस झाले नाही.

रागावण्याआधी काम काय आहे ते ऐकून घ्या. आमच्या रूगर कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये मार्लिन हे बंदुकांच्या धंद्यातले जुने नाव २ कोटी ८३ लाख डॉलर देऊन विकत घेतले. जॉन मार्लिन यांनी १८७० मध्ये कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे हा धंदा सुरू केला. १९२४ मध्ये कंपनी लिलावात निघाली तेव्हा फ्रँक केना यांनी ती अवघ्या १०० डॉलरला घेतली, पण तिच्यावरचे १ लाख डॉलरचे कर्जही स्वतःच्या अंगावर घेतले, आणि पुढे त्यांच्या घराण्याने ती ऐंशीहून अधिक वर्षे चालवली. मार्लिनची ओळख म्हणजे लिव्हर-ॲक्शन रायफल. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत बसते आणि घोडा चढतो. मार्लिनमध्ये रिकामे काडतूस वरून न पडता उजव्या बाजूने पडते, त्यामुळे माथा भरीव राहतो आणि त्यावर दुर्बीण बसवता येते. बाबा, त्या एका हालचालीत किती भाग एकमेकांना सांभाळून सरकतात हे तुम्ही पाहाल, तर संध्याकाळचा चहासुद्धा विसराल.

२००७ च्या अखेरीस रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीने मार्लिन घेण्याचे जाहीर केले. २०११ मध्ये कनेटिकटमधल्या नॉर्थ हेवनचा मार्लिनचा कारखाना बंद झाला, २६५ माणसांचे काम गेले आणि रायफलींचे उत्पादन न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हलवण्यात आले. यंत्रे जुनी आणि झिजलेली होती, कागदावरची मापे आणि प्रत्यक्षातले भाग यांचा मेळ नव्हता. तो मेळ नॉर्थ हेवनची माणसे कानशीने आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने घालत होती, आणि नेमकी तीच माणसे मागे राहिली. मग लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये फट असलेल्या, नेमाची माशी तिरकी बसलेल्या रायफली बाजारात आल्या. जाणकार गिऱ्हाईक दुकानात आधी नळीवर 'जेएम' हा नॉर्थ हेवनचा शिक्का शोधू लागले. नंतर रेमिंग्टनच दिवाळखोरीत गेली, आधी २०१८ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२० मध्ये, आणि तिची मालमत्ता तुकड्यातुकड्यांनी विकली गेली.

बाबा, भोसरीच्या तुमच्या कारखान्यातले ते वर्ष मी पुन्हा उगाळत नाही. पण नव्या मालकांनी टूलरूममधली यंत्रे ट्रकवर चढवली आणि तुमची निळी वही कोणी मागितलीसुद्धा नाही, त्या संध्याकाळी तुम्ही कपडे न बदलता ओट्यावर बसून राहिला होतात, ते मी दारातून पाहिले होते. तेव्हा मी आठवीत होते. ड्रॉइंगवर जे नव्हते ते सगळे त्या वहीत पेन्सिलने लिहिलेले होते. मुलाखतीत मला विचारले की हे काम कशासाठी हवे, तेव्हा मी तुमचे नाव न घेता त्या वहीबद्दल सांगितले.

इथे यंत्रे आणि सुटे भाग ट्रकमागून ट्रक भरून आले. जुन्या यंत्रांवर तसेच काम सुरू करता आले असते आणि पैसाही लवकर सुटला असता, परंतु कंपनीने वर्षभर थांबायचे ठरवले. प्रत्येक भागाची मापे नव्याने ठरवून संगणकावर नवी ड्रॉइंग्ज केली, संगणकाच्या आज्ञेवर चालणारी नवी सीएनसी यंत्रे लावली. नळी आता थंड पोलादावर हातोड्यांचा मारा करून घडवतात. आतल्या कांबीवर उलटा पीळ असतो, तोच नळीच्या आत उमटतो. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण विकत घेतलेल्या नावाची लाज राखण्यासाठी इतका धीर धरणारे मालक मी आजवर पाहिले नव्हते.

पहिली रायफल, मॉडेल १८९५, गेल्या महिन्यात कारखान्याबाहेर पडली. तिच्या क्रमांकाची सुरुवात 'आरएम' या अक्षरांनी होते आणि दस्त्याच्या खालच्या अंगाला पूर्वी काळा-पांढरा असलेला ठिपका आता लाल-पांढरा आहे. त्या खेपेतली एक माझ्या टेबलावर आली. सगळी मापे घेऊन झाल्यावर मी हातमोजा काढला आणि तुम्ही घडीव ठोकळ्यांच्या सांध्यावरून फिरवायचात तसे अंगठ्याचे नख लाकूड आणि पोलाद यांच्या सांध्यावरून फिरवले. नख कुठेही अडकले नाही. बाबा, त्या क्षणी तुम्ही शेजारी हवे होतात. अजून मॉडेल ३३६ आणि १८९४ व्हायच्या आहेत, आणि त्या होईपर्यंत मला इथून निघवत नाही.

आई, तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. या देशातल्या गोळीबाराच्या बातम्या तू पाहतेस, आणि अशा ठिकाणी आपली मुलगी हत्यारे घडवते, हे तुला सहन होणार नाही. ही रायफल प्रामुख्याने हरणाच्या शिकारीसाठी घेतात, असे सांगून मी तुझी समजूत काढू शकते आणि ते खरेही आहे. पण शस्त्र ते शस्त्रच, हे मी विसरलेले नाही. खंडेनवमीला तू बाबांच्या मायक्रोमीटरला हळदकुंकू वाहायचीस आणि मला म्हणायचीस की पूजा केली की वस्तू जपून हाताळावीशी वाटते. मी तितक्याच जपून हाताळते. ग्रीन कार्ड हाती आल्यानंतरच हे काम मला करता आले, कारण शस्त्रांची तांत्रिक माहिती ग्रीन कार्ड नसलेल्या परक्या नागरिकाला परवान्याशिवाय दाखवायला इथला कायदा मोकळीक देत नाही. तेव्हा सगळे रीतसर आहे, काळजी करू नकोस.

राहण्याचीही काळजी नको. घर दोन खोल्यांचे असले तरी उबदार आहे, खिडकीतून झाडी दिसते. ग्रीन्सबरोला भारतीय किराणा मिळतो, ज्वारीचे पीठसुद्धा मिळते. भाकरी अजून तुझ्यासारखी फुगत नाही, पण कडा फाटायच्या थांबल्या आहेत. ताप आला की मात्र अजूनही तू कपाळावर ठेवायचीस तो ओला पंचा हवासा वाटतो आणि मी मोठी झाले आहे हे खरे वाटत नाही.

आता माझे ऐका. १० तारखेपासून साठीपुढच्या, इतर आजार असलेल्या लोकांना कोरोनाच्या लसीची तिसरी मात्रा मिळू लागली आहे असे वाचले. दुसऱ्या मात्रेला नऊ महिने झाले की दादाबरोबर जाऊन दोघांनीही ती घ्यायची, 'बघू पुढच्या आठवड्यात' चालणार नाही. आईने रक्तदाबाची गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यायची. बाबांनी गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायचा नसून गुडघ्याला लावायचा. भांडी घासायला बाई ठेवा, पैसे मी दर महिन्याच्या पाच तारखेला पाठवीन आणि ते परत बँकेत टाकायचे नाहीत. ऑक्टोबरात मी तीन आठवड्यांची रजा मागितली आहे आणि तोंडी होकारही मिळाला आहे. दसऱ्याला मी घरी असेन. तीन वर्षे म्हणजे तुम्हाला भेटायचे नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका.

बाबा, एक मागणे आहे. ती निळी वही अजून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल. मी आले की आपण दोघे बसून ती पहिल्या पानापासून वाचू. पेन्सिल पुसट झाली असेल तिथे तुम्ही सांगा, मी शाईने लिहीन. मात्र ती काढायला तुम्ही स्टुलावर चढायचे नाही. दादा रविवारी येतो, त्याला सांगा.

तुमची,
मनू