आधी थुंकी तरी नीट घ्या!

संपादक महोदय,

न्यूमोनियाचे जिवाणू औषधांना दाद देईनासे झाल्याची बातमी काल पहिल्या पानावर छापलीत, आभार. शेवटी खापर मात्र नेहमीसारखे आमच्याच डोक्यावर: लोक मनाने गोळ्या घेतात, कोर्स अर्धवट सोडतात. घेतात, कबूल. पण ज्या तपासण्यांवरून हे आकडे निघतात, त्या कशा होतात ते कधी बघितलेत का?

मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना धंतोलीत एका खासगी दवाखान्यात भरती केले. वस्तीतल्या डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेऊन झाले होते. भरती होताच सलाइनमधून सेफ्ट्रियाक्सोन हे दुसरे अँटिबायोटिक सुरू झाले आणि थुंकीचे कल्चर (नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायची तपासणी) आठवले दुसऱ्या दिवशी दुपारी! सिस्टर डबी हातात देऊन म्हणाली, "यात थुंकायला लावा," अन् गेली. सासूबाईंनी बिचाऱ्यांनी लाळ दिली. चूळ भरून, खोल खोकून छातीतला बेडका काढायचा असतो, हे आम्हाला कोण सांगणार? डबी संध्याकाळपर्यंत काउंटरवर, चहाच्या कपाशेजारी. रिपोर्ट आला: तोंडातले नेहमीचे जिवाणू. बिल मात्र पूर्ण! मेडिकलला शिकणारी भाची म्हणाली, "मामी, न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा नेहमीचा जिवाणू, मुळातच नाजूक. आधी अँटिबायोटिक गेलं आणि नमुना असा पडून राहिला, तर तो प्लेटवर उगवणार कसा?"

औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) देखरेखीचे जाळे २०१३ पासून आहे. उत्तम. पण त्यातली माहिती मुख्यतः मोठ्या रुग्णालयांची, आयसीयूतल्या क्लेबसिएला-अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूंची. ते तर बरेचदा रुग्णालयातच चिकटतात. नंदनवन, मानेवाड्यात घरोघरी खोकणाऱ्यांच्या छातीत काय आहे, हे कुठे मोजले जाते? आमचे डॉक्टर औषध निवडतात ते अंदाजपंचेच.

ठरावीक औषधांच्या यादीसाठी शेड्यूल एच-१ चा नियम २०१४ पासून लागू आहे. त्या यादीतले अँटिबायोटिक विकले की डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिले याची वेगळी नोंद ठेवायची, वही तीन वर्षे जपायची. आमच्या चौकातल्या दुकानात उधारीची वही रोज भरताना दिसते. ही दुसरी अजून दिसली नाही. औषध प्रशासनाने एकदा मागून बघावी.

आणि हो, बातमीचा उरलेला भाग आतल्या पानावर जिथे संपतो, त्याच्याच खाली "जुनाट खोकला मुळासकट बरा" अशी मोठी रंगीत जाहिरात आहे. ते चूर्ण कोणत्या जिवाणूवर चालते आणि त्याचे कल्चर कुठे केले, तेवढे कळवण्याची कृपा करावी.

— एक वाचक, नंदनवन, नागपूर