पडद्यावरचा कवितेचा वर्ग

सोलापूर

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून मी कवितालेखनाचा ऑनलाइन वर्ग घेणार आहे, हे कळल्यावर कविता पडद्यावरून कशी शिकवणार, असे तू फोनवर विचारलेस. त्याचे उत्तर सवडीने लिहिते आहे.

गालिब हरगोपाल तफ्तांसारख्या शागिर्दांच्या रचना टपालाने मागवून, त्या दुरुस्त करून परत पाठवत असे. आपल्याकडे सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि नवोदितांना पत्रांतून मार्गदर्शन केले. गुरू एका गावी आणि शिष्य दुसऱ्या गावी, ही कवितेत नवी गोष्ट नाही. मात्र त्या व्यवहारात बोलणे थोडे आणि ओळ तपासणे फार असे. (व्याख्यानाची हौस कवींना दांडगी, आणि मी त्याला अपवाद नाही.) म्हणून कविता दोन दिवस आधी गुगल डॉक्सवर मागवायच्या, ओळीशेजारी शेरे लिहायचे आणि झूमच्या फुकट खात्यावर मिळणारी चाळीस मिनिटे केवळ त्या शेऱ्यांच्या चर्चेला द्यायची, असे मी योजले आहे.

खरी अडचण वृत्तांची आहे. वर्गात मनाचे श्लोक सर्वांकडून एका सुरात म्हणवून घेतले की भुजंगप्रयात वृत्ताचे चार यगण (एक लघु, दोन गुरू, म्हणजे 'लगागा', असे चार गट) आपोआप कानात बसतात; परंतु परवा ओळखीच्या काही मुलींना घेऊन चाचणी केली, तेव्हा प्रत्येकीचा आवाज मागेपुढे पोचत असल्यामुळे 'लगागा लगागा'चा पुरता विचका झाला. ताल धरण्यासाठी टाळी वाजवावी, तर झूम तिला गोंगाट समजून गिळून टाकते. मागच्या गल्लीतील यंत्रमागांची खटखटही ते दाबते, याचे आधी मला कौतुक वाटले होते. आवाज न गाळता पाठवणारी झूमची 'ओरिजिनल साउंड' ही सोय सुरू केल्यास टाळी ऐकू येते आणि मागही ऐकू येतात. तेव्हा एकीने म्हणायचे, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून वहीत लघु-गुरूच्या खुणा करायच्या, असा तोडगा काढला आहे. तुझ्या पाहण्यात एखादा बरा माइक असल्यास कळव.

त्याच चाचणीत एका मुलीने आईवर कविता आणली होती. घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते. कवितेत घाम होता, कष्टांचे मोती होते, आई मात्र कुठेच दिसेना. मी शेजारी एवढेच लिहिले, 'आई सकाळी प्रथम काय करते?' तिने खाली उत्तर लिहिले की आई तेंदूची पाने भिजवून फडक्यात गुंडाळते, मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापते आणि वळलेल्या विड्या 'ओकटी, रेंडू, मूडू' असे म्हणत मोजते. मूळ कवितेपेक्षा हे उत्तर कितीतरी सरस होते. मराठी कवितेत तेलुगू आकडे चालतील का, अशी तिला शंका होती. याच गावच्या शाहीर राम जोशींनी लावणीत कानडीलाही जागा दिली, हे सांगितल्यावर तिने ते आकडे तसेच ठेवले.

फीचे अजून ठरलेले नाही. पैसे मोजल्याशिवाय कोणी कविता वेळेवर पाठवणार नाही, असे तुझ्या बाबांचे मत आहे, आणि या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत आहे. रक्कम ठरली की कळवीन.

तुझी,
आई