ठाण्याची दमट हवा आणि कासवाची कोरडी पेटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती प्राण्यांविषयी लिहिताना एका वाचकाने असा सल्ला दिला होता की, ठाणे आणि नवी मुंबई खाडीकाठी असल्यामुळे येथील हवा मुळातच दमट असते, त्यामुळे पाळीव कासवाच्या पिल्लासाठी ओलाव्याची वेगळी सोय करण्याचे कारण नाही. काचेची टाकी, वर जाळीचे झाकण आणि उबेसाठी एक दिवा एवढे पुरेसे आहे. सल्ला सद्‌हेतूने दिलेला असणार, परंतु तो चुकीचा आहे. सुमारे दहा महिने आम्ही नेमके हेच केले आणि त्याची खूण आमच्या कासवाच्या पाठीवर कायमची राहिली आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आमच्याकडे आहे ते आफ्रिकेतील सुल्काटा जातीचे कासव. 2022 साली मुलाने ते पावती आणि कागदपत्रांसह घेतले आणि अशा विदेशी प्राण्यांच्या नोंदणीसाठीच्या 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंदणीही केली. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले आपल्याकडचे स्टार कासव ही पूर्णपणे वेगळी बाब आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे आणि ते घरात ठेवणे गुन्हा आहे, मग ते कोणी वास्तुशांतीला भेट दिलेले असो की भरभराटीसाठी आणलेले. ज्यांच्याकडे ते असेल त्यांनी पेटीच्या मापांच्या फंदात न पडता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. त्याला येऊरच्या जंगलात किंवा उपवन तलावाकाठी गुपचूप सोडून येणे हा सुटकेचा मार्ग नव्हे. ते बिचारे तलावात पोहणारे कासवसुद्धा नाही.

आता मुद्द्याकडे येते. पिल्लू घरी आले तेव्हा माझ्या तळहातावर मावत होते. दुकानदाराने दिलेली काचेची टाकी आम्ही नातवाच्या खोलीत ठेवली. तळाला लाकडाचा भुसा, वर तारेची जाळी आणि जाळीवर एक तापणारा दिवा अशी तिची रचना होती. पिल्लू खात होते, फिरत होते, त्यामुळे काही बिघडते आहे अशी शंका कोणालाही आली नाही. सहा-सात महिन्यांनी मात्र त्याच्या पाठीवरचा प्रत्येक षटकोनी तुकडा मध्यभागी उंचावू लागला आणि दोन तुकड्यांमध्ये खोल खाच पडू लागली. नातू हसून म्हणाला, ‘आजी, याच्या पाठीवर समोसे आलेत.’ आम्हीही हसलो. त्याच सुमारास ते करत असलेल्या पांढऱ्या लघवीत ओल्या रांगोळीसारखी खर लागू लागली होती, आणि तीसुद्धा आम्ही पुसून टाकत राहिलो. पुढे प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की, ती खर म्हणजे शरीरात पाणी कमी पडत असल्याची खूण आहे, ती दुर्लक्षित राहिली तर मूत्राशयात खडा होऊ शकतो, आणि पाठीवरचे ‘समोसे’ कोरड्या हवेमुळे आले आहेत.

कोरड्या हवेमुळे, आणि तेही ठाण्यात? मी डॉक्टरांशी वादच घातला. जुलैमध्ये आमच्या घरी मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात आणि ओले कपडे दोन-दोन दिवस पंख्याखाली वाळत असतात. त्यांनी वाद न घालता एक लहानसा आर्द्रतामापक टाकीत ठेवून बघा एवढेच सुचवले. बाहेर पाऊस कोसळत असताना खोलीतले मापक 80 टक्के दाखवत होते आणि दिव्याखाली, पिल्लू ज्या जागी बसून असे तेथे, 50. मी एकतीस वर्षे दहावीच्या मुलांना सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के बाष्प तिच्यात आहे हे, शिकवले. फळ्यावर सोडवलेले उदाहरण घरातल्या टाकीत ओळखता आले नाही, याची मला आजही शरम वाटते.

उदाहरण असे आहे. हवा जितकी गरम, तितकी तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता अधिक. 27 अंश सेल्सिअसची, 80 टक्के आर्द्रतेची हवा तिच्यात पाण्याचा थेंबही न मिसळता 35 अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम 51 टक्के उरते. बाष्प तेवढेच असते, पण हवेची तहान वाढलेली असते. ही झाली भर पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या इमारतींमध्ये आता मुलांच्या खोलीत रात्रभर एसी चालतो, आणि एसी हवा गार करताना तिच्यातले पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकत असतो. अशा खोलीतली 24 अंशांची आणि 50 टक्के आर्द्रतेची हवा दिव्याखाली 32 अंशांवर गेली की आर्द्रता 31 टक्क्यांच्या आसपास येते. वरून झाकणाला जाळी असल्याने गरम हवा सतत वर निघून जाते, खालून खोलीतली कोरडी हवा आत ओढली जाते आणि टाकीचे काम एखाद्या लहानशा धुराड्यासारखे चालते. पिल्लू या धुराड्याच्या तळाशी बसलेले असते. खाडी खिडकीतून दिसत असली तरी तिचा त्याला काही उपयोग नसतो.

यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, सुल्काटा हे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचे कासव, मग त्याला ओलावा कशाला हवा? प्रश्न रास्त आहे, पण त्यात अर्धीच माहिती धरलेली आहे. ते कासव उघड्या वाळूवर दिवस काढत नाही. ते खोल बिळे खणते आणि बिळाच्या आतली माती वरच्या जमिनीपेक्षा पुष्कळ ओलसर असते. पूर्वी पाठीच्या उंचवट्यांचा दोष जास्त प्रथिनांच्या आहाराला देण्याची पद्धत होती. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच जातीच्या 50 पिल्लांना पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या आहारावर वाढवून पाहण्यात आले, तेव्हा उंचवटे मुख्यत्वे कोरड्या हवेमुळे येतात आणि प्रथिनांचा परिणाम त्या मानाने किरकोळ असतो असे आढळले. आलेला उंचवटा परत बसत नाही. पुढची वाढ सपाट व्हावी एवढेच आपल्या हाती राहते.

तेव्हा आम्ही टाकी काढून टाकली आणि बंद पेटी करून घेतली. ज्या सुताराला बोलावले तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. मी प्लायवूड म्हणताच तो म्हणाला, ‘बाई, प्लाय फुगेल. सिंकखालच्या कपाटाला लावतो तो पीव्हीसी बोर्ड लावू.’ हा सल्ला लाखमोलाचा ठरला. पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे, वरचे झाकणही बोर्डाचेच आहे आणि समोर सरकत्या अ‍ॅक्रिलिकची दोन दारे आहेत. दारांच्या फटीतून जेवढी हवा खेळते तेवढी पुरते, कारण रोज अन्नपाण्यासाठी दारे उघडावीच लागतात. दिवे आणि हीटर जाळीवर न ठेवता पेटीच्या आत छताला लावले आहेत. सगळा फरक पडतो तो या एका बदलाने, कारण मग खोलीची नव्हे, पेटीतलीच हवा तापते आणि तिच्यातले बाष्प पळून जात नाही.

तळाला चार इंच कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या रोपवाटिकांमध्ये त्याच्या विटा मिळतात, मात्र खत मिसळलेले कोकोपीट घेऊ नये आणि साधे असले तरी एकदा धुऊन घ्यावे. ते किती ओले हवे याचे माप माझ्या हाताने ठरवले आहे: मुठीत आवळले की लाडू वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये. पाणी वरून शिंपडण्याऐवजी मी दर तीन-चार दिवसांनी चारही कोपऱ्यांत तांब्याने ओतते, त्यामुळे खालचा थर ओला राहतो आणि पिल्लू ज्यावर चालते तो वरचा थर जवळपास कोरडा असतो. वरचाच थर चिखलासारखा ठेवला तर पोटाकडचे कवच कुजू लागते. स्प्रेच्या बाटलीने फवारे मारण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे. त्याने आकडा दहा मिनिटे वर जातो आणि पुन्हा खाली येतो, आपल्याला मात्र काहीतरी केल्याचे समाधान मिळते. सुरुवातीच्या आठवड्यांत कोकोपीटवर पांढरी बुरशी आली होती. ते खालीवर करत गेले आणि उरलेला पाला रोज काढला तेव्हा ती आपोआप गेली.

ओलाव्याबरोबर ऊब राखणे मात्र अपरिहार्य आहे, आणि हे न सांगता नुसते ‘दमट ठेवा’ असे लिहिणे धोक्याचे ठरेल. दमट आणि गार हवेत कासवाला श्वसनाचा संसर्ग होतो. नाकातून बुडबुडे येऊ लागतात, ते तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागते. आमच्या पेटीत आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असते आणि तापमान रात्रीसुद्धा 26 अंशांच्या खाली जाऊ दिले जात नाही. त्यासाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणाला, जोडलेला आहे. दिवसा एका टोकाला शेकण्याच्या दिव्याखाली 35-36 अंश असतात आणि दुसऱ्या टोकाला 28, म्हणजे ऊन-सावली निवडण्याची मोकळीक पिल्लाला राहते. मे महिन्यात हीटर जवळजवळ लागतच नाही. खरा उपयोग डिसेंबर-जानेवारीत होतो, जेव्हा ठाण्यातल्या रात्री गारही असतात आणि कोरड्याही. थर्मोस्टॅटशिवाय बंद पेटीत हीटर लावण्याचे धाडस कोणीही करू नये. पेटी उन्हाच्या खिडकीजवळ ठेवणे हेही तितकेच घातक आहे, कारण पश्चिमेकडच्या काचेतून एप्रिलचे ऊन आले की बंद पेटीची भट्टी व्हायला अर्धा तास पुरतो. गंमत अशी की, त्या काचेतून हवी असलेली अतिनील-बी किरणे आत येतच नाहीत. ड जीवनसत्त्वासाठी ती आवश्यक असल्याने ही किरणे देणारी यूव्हीबी ट्यूब पेटीच्या आत, मध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक न येऊ देता लावावी लागते आणि ती प्रकाश देत असली तरी साधारण वर्षाने बदलावी लागते. दमट पेटीत वीज खेळवायची म्हणजे जोडणी जाणकार वायरमनकडून करून घेणे आणि घरात ईएलसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारे बटण, असल्याची खात्री करणे आलेच. वायर प्लगपर्यंत नेताना तिला खाली झोळ ठेवला की वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

याखेरीज रोज सकाळी त्याला कोमट पाण्याच्या पसरट परातीत वीस मिनिटे बसवतो. पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढेच असते. ते मान खाली घालून घटाघट पाणी पिते आणि बहुतेक वेळा परातीतच विधी उरकते. ती खर पेटी बदलल्यावर महिन्याभरात थांबली. खाण्याचे म्हणाल तर गणपतीला वाहतो ती दूर्वा हे त्याचे मुख्य अन्न आहे, जोडीला जास्वंदीची पाने-फुले. पोळी, भात आणि फळे बंद केली आहेत. बाजारातली जुडी फवारणीची असण्याची भीती असल्याने आम्ही गच्चीत कुंड्यांमध्येच दूर्वा लावल्या.

गेल्या महिन्यात सून त्याच्या पाठीवरून ओला कपडा फिरवत होती तेव्हा मी नीट पाहिले. प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी जुना उंचवटा तसाच आहे, आणि त्याच्या भोवती पेटी बदलल्यानंतरची वाढ फिकट, रुंद पट्ट्यांनी सपाट पसरली आहे. टेकडीच्या पायथ्याशी शेत सुरू व्हावे तशी ती रेष बोटाला लागते.

वर सांगितलेली सगळी व्यवस्था पिल्लू लहान असतानाची आहे, तेव्हा या खटाटोपाची मुदतही वाचकांना कळायला हवी. चार फुटांची पेटी फार तर पहिली दीड-दोन वर्षे पुरते. आमचे कासव आता गावी मुलाच्या सासरच्या बंदिस्त अंगणात हिवाळा-उन्हाळा काढते आणि पावसाळ्यात मोठ्या पेटीत इकडे येते, कारण या जातीचे नर 40 किलोंच्याही पुढे जातात आणि माणसाच्या आयुष्याएवढे जगू शकतात. ही माहिती पिल्लू विकताना आम्हाला कोणी दिली नव्हती. दिली असती तर आम्ही ते घेतले असते असे मला वाटत नाही.

आपल्या पुरवणीतील त्या सल्ल्याची दुरुस्ती आपण छापावी अशी विनंती आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करणे भाग पडल्यास माझा अनुभव गाळावा, परंतु 27 अंशांना 80 टक्के असलेली हवा 35 अंशांना 51 टक्के होते हे वाक्य आणि थर्मोस्टॅटविषयीची सूचना कृपया राहू द्यावी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ठाणे (पश्चिम)