रुग्णांच्या वस्तूंसाठी 300 पिशव्या आणि 100 डब्या हव्यात : खानदेशवासीयांना आवाहन

धडगाव-अक्कलकुव्यापासून यावल-रावेरपर्यंतचे रुग्ण सरकारी दवाखान्यात येतात ते बहुधा घाईतच. अपघात विभाग, एक्स-रे, वॉर्ड, ऑपरेशन, अतिदक्षता असं स्ट्रेचर फिरत राहतं आणि दर ठिकाणी हात बदलतात. वस्तू गहाळ होतात त्या इथेच. कापसात गुंडाळून उशाखाली ठेवलेली कवळी चादरीबरोबर धुण्याच्या गाठोड्यात जाते. मग म्हाताऱ्या माणसाला भाकरी चावता येत नाही. चष्मा आणि कानाचं यंत्र नसलं तर तो रात्री बरळतो, आपण कुठे आहोत हेच त्याला उमगत नाही. आधार, रेशनकार्ड हरवलं तर मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद अडतात.

यासाठी आमच्या मंडळाला मांजरपाटाच्या, नाडी ओवलेल्या 12 बाय 16 इंची 300 पिशव्या शिवायच्या आहेत. 36 इंची पन्ह्याच्या एका मीटरमध्ये तीन पिशव्या बसतात. कोरा मांजरपाट आटतो, त्यामुळे कापण्याआधी भिजवावा लागतो. म्हणून 105 मीटर कापड हवं. शिवून देणाऱ्या भगिनी पुढे आल्या तर फार बरं. शिवाय घट्ट झाकणाच्या 100 डब्या, न पुसल्या जाणाऱ्या शाईचे 12 मार्कर आणि तीन प्रतींची, 50 पावत्यांची 6 कार्बन पुस्तकं हवीत.

पिशवीवर नाव आणि केसपेपर नंबर लिहायचा. खाट नंबर नको, खाट बदलते. पावतीत "सोन्याची अंगठी" न लिहिता "पिवळ्या धातूची अंगठी, एक" असं लिहावं. चांदीच्या वाळ्यांना "पांढऱ्या धातूचे, दोन". धातूची पारख करणं सिस्टरचं काम नव्हे आणि पुढचा वाद तिथेच टळतो. एक प्रत नातेवाइकाला, एक वॉर्डात, एक पिशवीत. सही येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा.

अंगठी, जोडवी दाखल होतानाच साबणाच्या पाण्याने काढावीत. नंतर बोटं सुजतात, आणि ऑपरेशनमध्ये विजेचं उपकरण वापरताना अंगावरच्या धातूपाशी भाजण्याचा धोका असतो. मंगळसूत्र बाईच्या डोळ्यांसमोर घरच्यांच्या हाती द्यावं. कवळी डबीत गार पाण्यात ठेवावी; गरम पाण्याने ती वाकते. कानाचं यंत्र मात्र कोरडंच हवं, सेल काढून. अपघात, जळीत, विषबाधा अशा रुग्णांचे कपडे धुऊ नयेत, ते पुरावा म्हणून पोलिसांकडे जातात.

दागिने, रोकड आमचं मंडळ ताब्यात घेत नाही. ती घरी पाठवणंच उत्तम.

वस्तूंइतकीच माणसंही हवीत. "माय, तुन्हं काय काय शे?" असं आपल्या बोलीत विचारलं की आजी कनवटीची पुरचुंडीही दाखवते. अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. संध्याकाळी सहा ते आठ, पाळी बदलताना, गरज सर्वांत जास्त असते. कापड किंवा वस्तू मंडळाच्या कार्यालयात आणून पावती घ्यावी. वापरलेल्या डब्या कृपया देऊ नयेत.