साक्षीला ये

बेळगाव
शुक्रवार, रात्री

प्रिय विनू,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

दोन वर्षं पत्र नाही, फोनही नाताळापुरता. चूक माझीच. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, गुडघा तसाच. तुझ्या धाकटीचं ठरलं म्हणे, फार आनंद झाला. जावई काय करतात ते नंतर विचारतो, कारण डोक्यात एकच गोष्ट घोळतेय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही.

आत्याचे तीस गुंठे.

हसू नकोस.

दहा दिवसांपूर्वी थोरला कागद घेऊन आला. ‘बाबा, इथं सही करा, बँकेचं आहे.’ कागद कन्नडमध्ये. मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. एकदा वाचला, दोनदा वाचला. तिसऱ्यांदा बोट फिरवत सर्व्हे नंबर शोधायला लागलो तसा तो चिडला. ‘मी काय तुम्हाला फसवणार आहे?’ आणि विनू, कागद खरंच बँकेचा होता रे. पोरगा सरळ आहे. २००९ साली मी आत्याला असंच म्हणालो होतो, ‘सोसायटीच्या कर्जाचं आहे.’ तिनं फक्त ‘सही कुठं करू?’ एवढंच विचारलं.

एक नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनी, काळ्या फिती लावून सायकल फेरीत आपण पुढं, कागद मराठीत द्या म्हणून घसा फोडायचो. आणि घरातल्या म्हातारीला गंडवायला मला कन्नडच उपयोगी पडली. तू तेव्हा हेच बोललास, रजिस्ट्रार कचेरीबाहेर चहाच्या गाड्यावर, सगळ्यांदेखत. साक्षीदार म्हणून बोलावलं होतं तुला, तू ग्लास ठेवून चालता झालास. मग दोन वर्षं आपण चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर. तुझं बरोबर होतं. पण त्या चहाचे पैसे मी दिले, हे अजून विसरलेलो नाही.

त्यात गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी शौल राजा घेतला. शत्रू अमालेक्यांचं काही राखू नकोस असं देवानं म्हटलेलं असताना त्यानं चांगली चांगली मेंढरं राखली, वर शमुवेल संदेष्ट्याला सांगतो, देवाला यज्ञ करायला ठेवलीत. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर हे बें बें कसलं येतंय? मंडळी हसली. मी खाली बघितलं. दर हंगामाच्या उपकारस्तुतीला मी त्याच तीस गुंठ्यांतलं भात पोत्यानं वाहतो. लिलावात तुझ्या मेहुण्यानंच दोनदा घेतलंय.

क्षमा मागितली नाही असं नाही. प्रभुभोजनाच्या आधी कितीदा रडलोय. पण तू विचारलं होतंस, ‘देव क्षमा करेल, उताऱ्यावरचं नाव पण तोच येऊन बदलणार काय?’ तेव्हा तुझा राग आला होता. नाथान संदेष्टा दावीद राजाला एकाच दमात दोन्ही सांगतो: पाप दूर केलं, आणि तलवार तुझ्या घरातून हलणार नाही. मला वाटायचं, हे कसलं माफ करणं? आता पोरगा जेवताना माझ्याकडे बघत नाही.

तू हिशेबातला माणूस, म्हणून सांगतो. बायबलातल्या लेवीयाच्या नियमाप्रमाणे मूळ आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे छत्तीस गुंठे. फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणणाऱ्या जकातदार जक्कयाच्या दरानं तीन एकर. माझं सगळं मिळून दीड एकर, त्यातलं अर्धं तिचं! जक्कय चांगलाच गबर असणार. ‘बाईला कसला वाटा’ म्हणायचीही सोय नाही, आपल्या लोकांत १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे मुलीला मुलाएवढाच. छत्तीसवर आलोय. थोरल्याला अजून सांगितलेलं नाही, बायपासच्या गडबडीपासून एजंट त्याच्या मागे आहेत.

बुधवारी निपाणीला गेलो. आत्यानं चहा दिला, कुंद्याचा डबा घेतला आणि यंदा भात कसं आहे विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मोठ्यानं बोल, ऐकू येईना झालंय.’ आत ताई भाकऱ्या थापत होती. मला मोठ्यानं बोलता आलं नाही. ‘भात चांगलं आहे’ म्हणालो आणि सहाची बस धरली.

वकील म्हणतो, आता बक्षीसपत्र करावं लागेल. तिचीच जमीन मी तिला बक्षीस देणार! पण दुसरा मार्ग नाही म्हणतो. कागद कन्नडमध्येच होणार, पण सहीआधी मी तिला मराठीत ओळ न ओळ वाचून दाखवणार, ओरडून, ताईसमोर.

एक साक्षीदार शेजारचा आहे. दुसरा तू. पुढच्या महिन्यात ये, तारीख कळवतो. पुण्यात राहून आपलं बेळगावी ‘जाऊलालो’ विसरला नसशील तर आत्याशी तूच आधी बोल. आधार कार्ड आणि दोन फोटो आण.

चहा तुझ्याकडून.

तुझा,
बाळ्या