अधिवास शिकवायचा तर ओहोटीला किनाऱ्यावर चला

महोदय,

‘प्राणी आणि त्यांचे अधिवास’ हा शालेय प्रकल्प आला, की घरोघरी थर्मोकोल, रंगवलेला भुसा आणि प्लॅस्टिकचे प्राणी गोळा होतात. राणीच्या बागेत पेंग्विन पाहून आलेलं मूलसुद्धा पेंग्विनला कापसाच्या बर्फावर उभं करतं. तिथले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, म्हणजे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्या किनाऱ्यावर बर्फ नसतो. थंड सागरी प्रवाह आणि त्यातली मुबलक मासळी यांवर ते जगतात. अधिवास म्हणजे प्राण्याच्या मागचं चित्र, एवढंच अशा प्रकल्पातून मुलांच्या डोक्यात राहतं. खरं तर ओल, ऊन, खारेपणा, अन्न, आडोसा यांवर तो ठरतो, आणि यातलं बरंच काही मुलांना स्वतः मोजता येतं.

मुंबईच्या शाळांना त्यासाठी लांब जायला नको. बँडस्टँड, कार्टर रोड, हाजीअली इथले खडक ओहोटीला उघडे पडतात. दिवस मात्र नीट निवडावा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात, तेव्हा पाणी सर्वात लांब जातं. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीची उंची ०.५ मीटर किंवा त्याहून कमी असेल तो दिवस धरावा. किनाऱ्यावरचा जुना हिशेबही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे साडेसातच्या आसपास ओहोटी. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी असताना, गेलात तर पाहण्यासारखे खडक पाण्याखालीच असतात. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावं आणि पाणी वळलं की मुलांना वर आणावं. जून ते सप्टेंबर हा उपक्रम करूच नये.

साहित्य थोडंच लागतं. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे ५० सेंटिमीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो (काटकोनी जोड) यांची चौकट करावी. पाइपला भोकं पाडावीत, नाहीतर आत हवा राहून ती डबक्यात तरंगते. दर १० सेंटिमीटरवर नायलॉनची दोरी ताणली की २५ घरं होतात. भरतीच्या रेषेजवळ, मधल्या पट्ट्यात आणि पाण्याच्या काठाशी अशा तीन ठिकाणी चौकट ठेवून कोणता जीव किती घरांत दिसतो ते लिहावं. पाच-सहा मुलांचा गट आणि प्रत्येक चौकटीला दहा मिनिटं पुरतात. डबक्यातल्या पाण्याचं तापमान डिजिटल थर्मामीटरने घ्यावं. वरच्या पट्ट्यात बारीक गोगलगाई आणि बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी जीव), मध्ये कालवं, खाली समुद्रफुलं (सी-ॲनिमोन हे प्राणी) असा फरक तक्त्यात उमटतो. कोण किती तास पाण्याबाहेर तग धरतो याचं उत्तर मुलं मग स्वतःच शोधू लागतात.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: जिथे जीव दिसतात तिथेच मुलं चौकट ठेवतात. मग प्रत्येक पट्टा सारखाच गजबजलेला दिसतो आणि तुलना फुकट जाते. म्हणून एक दोरी अंथरावी, चिठ्ठी काढावी, आकडा येईल तितक्या पावलांवर चौकट ठेवावी, मग तिथे नुसता कोरडा दगड का असेना. उलटलेला दगड तसाच सोडला तर त्याच्या सावलीतले जीव उन्हात सुकून मरतात. तो होता तसा ठेवायला शिकवणं हा धड्याचाच भाग आहे. बाटलीत जीव भरून आणू देऊ नयेत, कारण थोड्याशा पाण्यात ते लवकर तापतात आणि गुदमरतात. शंकूच्या आकाराच्या शंखातली गोगलगाय विषारी दंश करू शकते, त्याला हात नको. बंद, पक्क्या तळव्याचे बूट हवेतच. शेवाळ निसरडं असतं आणि कालवांच्या कडा पाय कापतात. इथे प्रवाळही आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये हाजीअली आणि वरळीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले होते. त्यांच्यावर पाय पडता कामा नये.

पावसाळ्यात वर्गात वाणी किड्यांची निवडपेटी करता येते. बुटांच्या खोक्यात अर्ध्या भागात ओला, अर्ध्यात कोरडा टिपकागद अंथरावा, मध्यरेषेवर दहा किडे सोडावेत आणि २० मिनिटं, दर दोन मिनिटांनी दोन्हीकडचे मोजावेत. आधी दोन्ही बाजू कोरड्या ठेवून एकदा मोजणं विसरू नये, नाहीतर किडे ओलीकडे गेले की खिडकीपासून दूर गेले ते कळणार नाही. ओल आणि अंधार एकाच फेरीत बदलू नये. पंखा बंद हवा. किडे चमच्याने उचलावेत, त्यांचा स्राव डोळ्यांना झोंबतो. तास संपला की जिथून आणले त्याच कुंडीखाली सोडावेत.

शाळांनी थर्मोकोलच्या देखाव्याचे गुण या तक्त्यांना द्यावेत. आणि आपल्याला एक विनंती: पावसाळ्यात वर्तमानपत्रांत भरतीच्या वेळा छापल्या जातात, तशा ऑक्टोबर ते मे ओहोटीच्या वेळा आणि उंचीही रोज छापाव्यात. शिक्षकांना सहलीचा दिवस त्यावरून ठरवता येईल.

आपले,
शालेय निसर्गशिक्षणातील कार्यकर्ते,
माहीम, मुंबई